घरतमावशींचं वाळवण

सुलोचना घरत समोर आलेल्या बाईच्या चेहऱ्याकडे सगळ्यात शेवटी बघतात. आधी खांदे, मग मान, मग कोपरापर्यंत हात, मग पुन्हा खांदे. चेहरा त्यानंतर, आणि तोही कोण आलंय याची खात्री करण्यापुरता. बहुतेक वेळा ती खात्री खांद्यांवरूनच झालेली असते. "आलीस का?" हा प्रश्न त्या खांद्यालाच विचारतात.

मी पहिल्यांदा त्यांच्याकडे ब्लाउज शिवायला टाकला, तेव्हा नाव विचारायच्या आधी त्या म्हणाल्या, "डावा खांदा उतरलाय तुजा. पर्स त्या बाजूला घेतेस ना? बदल." मी पर्स उजव्या खांद्यावर घ्यायला लागले. वर्षभराने पुन्हा गेले, तर त्यांनी लांबूनच मान हलवली. "आता दोनी सारखे उतरले. टाकून दे ती पर्स."

पनवेलच्या जुन्या बाजारात, भांड्यांच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत त्यांचा गाळा होता. एक मशीन, कापायचं एक टेबल, एक आरसा आणि भिंतभर खिळे. पाटीवर फक्त 'लेडीज टेलर' एवढंच. सगळा बाजार त्यांना घरतमावशी म्हणतो. त्यांच्याहून वयाने मोठ्या बायकाही मावशीच म्हणतात आणि मावशींना त्यात काही वावगं वाटत नाही. "माप घेणारी मोठी," असा त्यांचा हिशेब आहे.

भिंतीवरच्या खिळ्यांना कटिंगं लटकत. कटिंग म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदावर कापलेला ब्लाउजचा नमुना. पाठ, पुढचे दोन भाग, बाही, गळा, सगळं एका टाचणीत. मावशी कापडाला थेट कात्री लावत नाहीत. आधी कागद कापतात, तो बाईच्या अंगाला लावून बघतात, मगच कापड. "कापड ऐकून घेतं, कागद ऐकत नाय," हे त्यांचं आवडतं वाक्य. कागद खांद्यावर बसला तर बसला, नाही तर फाटतो. कापड मात्र ताणून, ओढून, इस्त्री करून कशालाही हो म्हणतं. हे वाक्य त्या माणसांच्या बाबतीतही वापरतात. बाजारातल्या एका मवाळ दुकानदाराला त्या 'कापड' म्हणतात. तो समोर असला तरी म्हणतात.

मी एका दैनिकाची पनवेलची वार्ताहर आहे. मावशी आमचं दैनिक रोज घेतात आणि माझ्या माहितीप्रमाणे त्यांनी त्यातली एकही बातमी पूर्ण वाचलेली नाही. त्यांचं मत कागदाबद्दल असतं. रविवारची पुरवणी त्यांना आवडत नाही, कारण ती गुळगुळीत असते आणि तिच्यावर खडू उमटत नाही. अग्रलेखाबद्दल मात्र आदर आहे. "सरळ रांगा असतात त्याच्या. पाठ कापायला बरोबर." माझ्या बातम्या आतल्या पानावर, कोपऱ्यात येतात. त्यामुळे त्या बहुधा बाहीत जातात. पाणीटंचाईवर मी लिहिलेल्या एका बातमीचा पहिला परिच्छेद एका बाईच्या काखेत गेला, हे मी त्या गाळ्यात स्वतः पाहिलं आहे. निवडणुकीच्या दिवसांत पानभर जाहिराती येतात, तेव्हा मावशींचा हात सुटतो. "अंगानं भरलेल्या बायका निवडणुकीत शिवून घेते मी. कागदाला जोड द्यावा लागत नाय."

नियम त्यांचे दोन. पहिला, माप मोठ्याने बोलायचं नाही. टेप लावली, आकडा डोक्यात घेतला, कागदाच्या मागे लिहिला, संपलं. दुसऱ्या गिऱ्हाइकाला तो कळता कामा नये. नवऱ्याला तर मुळीच नाही. दुसरा नियम, जिवंत बाईचं कटिंग फेकायचं नाही. बाई वारली तर मावशी तिचं कटिंग खिळ्यावरून काढतात, घडी घालतात आणि दिवस झाल्यावर तिच्या घरी नेऊन देतात. घरचे लोक गोंधळतात, पण घेतात. बाई हयात आहे तोवर मात्र कटिंग खिळ्यावरच. गाव सोडून गेली, शिलाई दुसरीकडे टाकायला लागली, तयार ब्लाउज घ्यायला लागली, तरीही. खिळे भरले तेव्हा कटिंगं पोटमाळ्यावर गेली. पोटमाळा भरला तेव्हा मशीनखाली.

या गाळ्यात पूर्वी दोघी बसत. सुलोचना कापत, धाकटी बहीण यमुना शिवत. दोघी गव्हाणच्या, लग्न होऊन सुलोचना पनवेलला आल्या, यमुना गावातच राहिल्या आणि रोज बसने गाळ्यावर येत. कापणारी आणि शिवणारी सख्ख्या बहिणी असल्याने गिऱ्हाइकाला तक्रार कोणाकडे करावी हा प्रश्न कधी पडला नाही. पडला तो बहिणींनाच, यमुनाबाईंच्या मुलीच्या लग्नात.

रेश्माच्या हळदीचा पिवळा ब्लाउज मावशींनी कापला आणि यमुनाबाईंनी शिवला. हळदीच्या दिवशी त्याचे हूक लागेनात. भावकीतल्या बायका सारख्या पिवळ्या साड्या नेसून तयार, डीजे सुरू, आणि नवरी खोलीत श्वास रोखून उभी. शेवटी ऐन मे महिन्यात नवरी शाल पांघरून हळदीला बसली. आलेल्या निम्म्या लोकांनी तिला ताप आहे असं समजून तब्येत विचारली. फोटोत आजही ती शाल आहे.

मावशींचं म्हणणं, "मी बरोबर कापलं. हिनं शिवण आत घेतली." यमुनाबाईंचं म्हणणं, "मी कागदाबरहुकूम शिवलं. कागदच कमी होता." साखरपुडा आणि हळद यांच्यात नवरी गावभर केळवणं जेवली, ही तिसरी शक्यता दोघींपैकी कोणीही विचारात घेतली नाही, कारण त्यात दोघींचंही काम बरोबर ठरत होतं. भांडण मंडपात सुरू झालं आणि वरातीच्या आधी संपलं, म्हणजे दोघींनी बोलणं बंद केलं. यमुनाबाई पुन्हा गाळ्यावर आल्या नाहीत. मावशींनी शिवायला दुसरं कोणी ठेवलं नाही. दोन्ही कामं स्वतः करायला लागल्या. नात्यातल्या लग्नांत दोघी मंडपाच्या समोरासमोरच्या बाजूंना बसत. यजमान पंगतीही तशाच लावत.

मग गाळ्याची इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं. सगळ्या दुकानदारांनी सामान हलवलं. मावशींनी मशीन, टेबल आणि आरसा घरी नेला. राहिला पोटमाळा. शेजारच्याने रद्दीवाला बोलावला. रद्दीवाल्याने काटा काढला. मावशींनी त्याला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडलं, पोचवायला नव्हे. "अंगं वजनावर इकत नाय मी," हे वाक्य त्या दिवशी बाजारभर ऐकू गेलं.

ते ऐकणाऱ्यांत नेने मॅडम होत्या. त्या एका शाळेत चित्रकला शिकवतात, राहतात करंजाड्याच्या टॉवरमध्ये आणि ब्लाउज मावशींकडे टाकतात. त्या पोटमाळ्याची शिडी चढून वर गेल्या आणि बराच वेळ खाली आल्या नाहीत. आल्या तेव्हा केसांत जाळं होतं आणि डोळे चमकत होते.

"मावशी, अहो, हे फेकायचं कसलं? हे तर इन्स्टॉलेशन आहे!"

"काय हाय?"

"म्हणजे हे सगळं एका मोठ्या जागेत टांगायचं. लोकांनी त्यातनं चालायचं, हात लावायचा, खेळायचं. इंटरॅक्टिव्ह. ती कला असते."

"आमच्याकडं वाळवणाला हात लावला तर पोरं मार खातात."

"इथे लावायचा. मुद्दाम लावायचा. आणि ज्या बाईला स्वतःचं सापडेल, तिने ते घरी न्यायचं."

शेवटचं वाक्य मावशींनी पुन्हा म्हणून घेतलं. ज्याचं त्याला परत जाणार होतं. फेकायचं नव्हतं, विकायचं नव्हतं. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला. "सगळ्यांना सांगायचं ना? लांबच्यांना पण?"

"हो, सगळ्यांना."

"गव्हाणकडं पण?"

नेने मॅडम पुण्याच्या. त्यांना या प्रश्नात काही विशेष दिसलं नाही. बाजारातल्या बाकी सगळ्यांना दिसलं.

जागा भगतशेठने दिली. त्याचं मंगल कार्यालय पळस्प्याच्या रस्त्याला आहे. चातुर्मासात लग्नं नसतात, हॉल रिकामा असतो. पुढच्या लग्नसराईपर्यंत वापरा म्हणाला. मावशींनी परकरांच्या नाड्यांचे गुंडाळे आणले, भिंतीपासून भिंतीपर्यंत ओळीने ताणले आणि कपड्यांच्या चिमट्यांनी कटिंगं लावायला घेतली. श्रावणातली हवा. कागद आधीच मऊ पडलेला. पंखे लावले, की पाठी फुगत, बाह्या हलत. दारातून बघितलं तर वाटे, की बिनडोक्याच्या बायकांचा मेळावा भरला आहे आणि सगळ्या एकाच वेळी बोलत आहेत. नेने मॅडम त्याला 'स्त्रीदेहाचं कागदी स्मरण' म्हणत. मावशी त्याला वाळवण म्हणत. गावाने दुसरं नाव उचललं.

मी बातमी केली. मजकूर मावशींनी तपासला. त्यांची दुरुस्ती एकच होती. "पनवेल परिसरातील महिला" एवढं त्यांना पुरेसं वाटलं नाही. गावांची नावं हवी होती. मी करंजाडे, पळस्पे, गव्हाण अशी नावं घातली. छापून आल्यावर त्यांनी बातमीतलं फक्त शेवटचं नाव बोटाने चाचपून बघितलं आणि कात्री न लावता तो अंक कार्यालयाच्या दाराला लावला. त्यांनी अखंड ठेवलेला आमचा हा मला माहीत असलेला एकमेव अंक आहे.

पहिल्या दिवशी गोंधळ झाला. गाळ्यात कटिंग खिळ्यावर अडकवताना नावाची बाजू नेहमी पुढे ठेवायची, म्हणजे पटकन सापडतं, ही मावशींची आयुष्यभराची सवय. हॉलमध्येही त्यांनी तशीच लावली. नाव पुढे, आणि नावाखाली छाती, कंबर, दंड. आकडे ठळक, निळ्या शाईत. उद्घाटनाला सहकुटुंब मंडळी आली होती. एक निवृत्त गृहस्थ चष्मा लावून पहिल्या ओळीसमोर उभे राहिले आणि मतदारयादी वाचावी तशा आवाजात वाचायला लागले. "कुलकर्णी, बँकेतल्या. छाती..."

पुढचं ऐकू आलं नाही. कुलकर्णीबाई त्यांच्या मागेच उभ्या होत्या. त्यांनी स्वतःचं कटिंग ओढून ब्लाउजमध्ये कोंबलं, म्हणजे एका अर्थी ते योग्य ठिकाणी गेलं. मग हॉलभर धावपळ सुरू झाली. बायका आपापली नावं शोधत होत्या, पुरुष दुसऱ्यांची वाचत होते. एका सोसायटीच्या चेअरमनसाहेबांनी सेक्रेटरीच्या पत्नीची कंबर सेक्रेटरीला सांगितली. ती चुकीची आहे असं सेक्रेटरी म्हणाले. त्यावरून त्यांचं वाजलं.

मावशी टेबलावर चढल्या. "बाप्ये बाहेर!"

पुरुष बाहेर गेले. मावशींनी दार लावून घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. नेने मॅडम समजूत घालायला गेल्या. "अहो मावशी, कलेत कॉन्ट्रोव्हर्सी चांगली असते."

"मी आजवर कुणाचं माप बोलले नाय," मावशी म्हणाल्या. "आज टांगलं."

दुसऱ्या दिवशी वाळवण बंद होतं. मावशींनी पिठाची खळ शिजवली, पतंगाचा रंगीत कागद आणला आणि एकेका कटिंगवरच्या नावा-आकड्यांवर त्याची झडप चिकटवली. वरची कडा चिकटलेली, खालून उचलता येईल अशी. हे काम त्यांनी दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही, कारण करताना आकडा दिसतो. नियमही नवे झाले. आधी ओळखायचं, मग झडप उचलायची. आपलं नसेल तर झडप पाडायची आणि वाचलेलं विसरायचं. पुरुषांनी बाहेर बसायचं आणि चपला सांभाळायच्या.

खरा खेळ इथून सुरू झाला. नाव दिसत नाही म्हटल्यावर आपलं कटिंग ओळखायचं कसं? बायका कागद काढत, खांद्याला लावत, मावशींनी घरून आणलेल्या आरशासमोर उभ्या राहत. खांदा जमायचा, तर गळा दुसरीचाच. मग कोणाच्या तरी लक्षात आलं, की कागद वर्तमानपत्राचा आहे आणि त्याच्यावर बातम्या आहेत. मग शोध बातम्यांवरून होऊ लागला. "माझं लग्न झालं तेव्हा कांदा रडवत होता, कांद्याची बातमी बघा गं." "अगो, कांदा तर दरसाल रडवतो!" एका आजीबाईंनी सिनेमाच्या अर्ध्या जाहिरातीवरून स्वतःला ओळखलं. लग्नानंतर नवऱ्याबरोबर पाहिलेला पहिला सिनेमा. झडप उचलली, नाव बरोबर. त्यांनी तो कागद छातीशी धरून आरशात बघितलं. दोन्ही बाजूंनी आजी बाहेर येत होत्या. "एवढीशी होते मी?" त्यांनी मावशींना विचारलं. "त्याहून बारीक होतीस," मावशी म्हणाल्या. "मी वाढवून कापलेलं. सासरी जेवायला घालतील म्हटलं."

सगळ्यात जास्त मागणी तिसऱ्या दोरीवरच्या एका कटिंगला होती. कंबर मुठीत येईल इतकी. येणारी प्रत्येक बाई त्याच्याकडे वळे आणि मनाशी ठरवून म्हणे, "हे माझं." एक दिवस तिघींनी ते एकदम धरलं. कॉलेजात असताना आपण अशाच होतो, हे तिघींनाही स्पष्ट आठवत होतं. वाद वाढला तेव्हा मावशींनी खुर्चीतूनच सांगितलं, "झडप उचला."

झडपीखाली लिहिलं होतं, 'वसंत भगत. सातवी. गॅदरिंग. गौळण.'

वसंत भगत म्हणजे भगतशेठ. तो या क्षणी बाहेर पायरीवर चपला सांभाळत होता आणि ती पायरी त्याला पुरत नव्हती. हॉलमधलं हसणं त्याच्यापर्यंत गेलं, कारणही गेलं. तो दारात आला, परवानगी मागितली, आत येऊन ते कटिंग दोन्ही हातांत घेतलं. "मग?" तो सगळ्यांना म्हणाला. "नाचलेलो मी. पहिला नंबर आलेला." आणि ते घेऊन गेला. आता ते कार्यालयाच्या ऑफिसात काचेत लावलेलं आहे.

बायका येत, सापडे ते घेऊन जात. दोऱ्या विरळ होऊ लागल्या. मावशी दाराजवळ खुर्ची टाकून बसत. दारातून कोणी शिरलं, की खांदे बघत, ओळख पटली की मान खाली घालत आणि सुटलेल्या झडपांना खळ लावत. बायका गमतीने विचारत, "मावशी, कोणाची वाट बघताय?" त्या म्हणत, "कुणाची नाय. हॉल खाली करायचाय." पण उरणच्या बाजूने, म्हणजे गव्हाणकडून, कोणी बाई आली, की मावशी तिला पाणी स्वतः देत आणि सहज विचारल्यासारखं विचारत, "तिकडं पेपर येतो ना गो?" गव्हाणच्या एका सुनेने सांगितलं, की पेपर येतो, यमुनाआत्याने तो वाचलाही आहे. "मग?" मावशींनी विचारलं. "मग घडी करून ठेवला," सून म्हणाली. मावशींनी ही माहिती माझ्याकडून पुन्हा तपासून घेतली. वाचून ठेवला की ठेवून दिला? मी सुनेला फोन केला. वाचून ठेवला होता.

लग्नसराई जवळ आली. भगतशेठकडे हॉलच्या चौकशा सुरू झाल्या. नेने मॅडमनी उरलेली कटिंगं शाळेत नेण्याची तयारी दाखवली. मावशी हो म्हणाल्या, पण एक दोरी सोडून. शेवटची, स्टेजजवळची. त्या दोरीवरचं काही कोणी सोडवायचं नव्हतं.

यमुनाबाई आल्या त्या दुपारी मी तिथे होते, म्हणून पुढचं लिहिता येतं. मी त्यांना ओळखत नव्हते. हॉलमधल्या बायकांच्या आवाजावरून कळलं, म्हणजे तो थांबल्यावरून. दारात एक उंच, वाळलेली बाई उभी होती. नऊवारी नीट, पण अंगावर दोन माणसांची असावी तशी. मावशींनी नेहमीप्रमाणे खांद्याकडे बघितलं आणि या वेळी त्यांना ओळख पटली नाही. त्या पुन्हा खळीत बोट घालायला लागल्या.

"रेश्माचं कुठं हाय?" यमुनाबाईंनी विचारलं.

मावशींचं बोट वाडग्यात राहिलं. वर न बघता त्या म्हणाल्या, "शोध. सगळ्या शोधतात."

"शोधते. आज माप काढूनच जाणार."

त्या थेट दोऱ्यांत शिरल्या. वर्तमानपत्रावरचं साल बघायचं, झडप उचलायची, पाडायची, पुढे जायचं. शिवणारीचा हात होता. कागद कुठे धरला तर फाटत नाही हे त्यांना माहीत होतं. रेश्माचं कटिंग स्टेजजवळच्या दोरीवर सापडलं. त्यांनी ते चिमट्यातून सोडवलं, खुर्चीवर पसरलं, वीत लावायला हात उघडला, आणि थांबल्या.

त्या कटिंगमागे, एकाच चिमट्यात, आणखी कागद होते. सगळ्यांवर एकाच रंगाच्या झडपा. यमुनाबाईंनी वरची उचलली. त्यांचं नाव होतं. खालची उचलली. त्यांचंच. त्याखालची. प्रत्येक कागद वेगळ्या सालचा. सगळे अंक भांडणानंतरचे.

"मी तुला मापं कवा दिली?"

"लग्नात बघितलं," मावशी म्हणाल्या.

"कुणाच्या?"

"सगळ्यांच्या."

हॉलमधल्या बायकांना समजायला थोडा वेळ लागला. मंडपाच्या पलीकडच्या बाजूला बसून, जेवणाऱ्या, आहेर करणाऱ्या, नाचणाऱ्या माणसांच्या मधून, मावशी दर सराईला बहिणीचे खांदे बघत होत्या आणि घरी येऊन त्या दिवसाच्या पेपरवर ते कापत होत्या. त्यातलं एकही कापडापर्यंत गेलेलं नव्हतं.

यमुनाबाईंनी सगळ्यात वरचा, ताजा कागद सोडवला आणि आरशासमोर खांद्यांना लावला. दोन्ही बाजूंनी तो लोंबत राहिला.

"सैल हाय."

"नाय होणार."

"सैल हाय म्हणते ना. ये, बग."

मावशी उठल्या. जवळ गेल्या. आता त्यांनी जे बघितलं ते जवळून बघितलं. "कवापासून?"

"साखर निघाली. दोन सराया झाल्या, कुठं लग्नाला जात नाय."

"मला वाटलं, मी येते म्हणून येत नाय."

"तू येतेस म्हणून तर जायचे," यमुनाबाई म्हणाल्या. "नायतर डीजे कोण ऐकतंय?"

 मावशींनी गळ्यातली टेप काढली. यमुनाबाईंनी न सांगता हात वर केले. खुर्चीवर रेश्माचं कटिंग तसंच पसरलेलं होतं. थोड्या वेळाने भगतशेठची आई आली, पाय दुखतात म्हणाली आणि त्याच्यावर बसली. दोघी बहिणींपैकी कोणीही तिला उठवलं नाही.

माप झालं. मावशींनी माझ्याकडे हात केला. माझ्या पर्समध्ये आजचा अंक होता. त्यांनी तो फरशीवर उलगडला, गुडघे टेकले, खडू घेतला. पंख्याच्या वाऱ्याने पान उलटायला लागलं. एक बाई पंखा बंद करायला उठली.

"राहू दे," मावशी म्हणाल्या. "ही धरते."

यमुनाबाई समोर बसल्या आणि दोन्ही तळहातांनी कागदाच्या कडा दाबून धरल्या. मावशींनी रेषा ओढली. कात्री रेषेच्या बरीच बाहेरून चालायला लागली. यमुनाबाईंनी ते दोनदा बघितलं.

"एवढं मोठं कशाला कापतेस? आत्ता मापलंस ना?"

"भरशील," मावशी म्हणाल्या, आणि कोपऱ्यावर कात्री वळवली.